सगळ्या गाठी सोडल्या होत्या

बानूमावशींच्या घरात पाऊल टाकलं, तर सगळं उघडं होतं. पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण वर, पिठाच्या डब्याचं झाकण बाजूला, लोखंडी कपाटाची दोन्ही दारं सताड. पेंडीच्या पोत्यांची सुतळी सोडून खाली टाकलेली. शिलाई मशीनच्या सुईतला दोरासुद्धा ओढून काढलेला. आणि बानूमावशी मुजावर, एरवी डोक्यावरचा पदर तसूभर ढळू न देणारी बाई, केस मोकळे सोडून गोठ्याच्या उंबऱ्यात बसलेली.

"मावशी, चोर शिरला होता की काय?"

"चोराला न्यायला काय ठेवलंय संघानं? म्हस अडलीया. आत ये."

आंबेपाणंदला मी तीन वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून जात होते. दूध संघाची नोकरी. रविवारी माझी पाळी नसायची, पण मावशींनी फोन केला आणि नुसतं "ये" म्हणाल्या. मावशी कधी नुसतं "ये" म्हणत नाहीत. आधी संघाला चार शिव्या, मग मला दोन, मग काम. त्यामुळे नक्षीला नवऱ्याकडे सोपवून मी निघाले. नक्षी पाच महिन्यांची.

चिंगी मान खाली घालून उभी होती. कास तट्ट भरलेली, सड टोकाला चकाकत होते. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खोल खड्डे पडलेले, म्हणजे हाडांनी वाट करून दिलेली. पाणमोट फुटून गेलेली. व्यायला निघालेल्या म्हशीची एकूण एक खूण होती. फक्त कळा नव्हत्या. पोटावर हात ठेवला तर पोट तळ्यासारखं स्वस्थ.

"कधीपासनं?"

"शुक्रवारी सकाळी लक्षणं दिसली. त्या दिवशी केंद्रावरच्या पोरांची फेरी हुती, आमच्या गावाचा वारच शुक्रवार. म्हटलं, त्येंच्या आदी घरातलं सगळं मोकळं करून ठेवावं, म्हंजे म्हसबी लवकर मोकळी हुती. पोरं आली, यंत्र फिरवलं, म्हटली हिचा नंबर दावत न्हाई, आनि गेली. काल फोन लावला, तर म्हटली सुट्टी हाय."

मी लांब हातमोजा चढवला. गर्भपिशवीचं तोंड अर्धवट उघडून थांबलं होतं. आत बोटाला एक मऊ खूर लागला. मी तो हलकेच चिमटीत धरला, आणि त्यानं तो मागे ओढून घेतला.

जिवंत होतं.

मी हात बाहेर काढला आणि तेव्हा कुठे माझं लक्ष चिंगीच्या गळ्याकडे गेलं. गळा मोकळा होता.

"मावशी, पट्टा कुठंय?"

"त्यो काय, खुंटीला. काढलो की शुक्रवारीच." मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी पोरकटच काहीतरी विचारलंय. "गळ्यात गाठ ठेवून कोन मोकळं हुतंय?"

मला खाली बसावंसं वाटलं. शेणात, तिथेच.

*

हे नीट सांगायला हवं, नाहीतर माझा राग वाचणाऱ्याला उगाचचा वाटेल.

गर्भाशय म्हणजे एक मोठा स्नायू. गाभण काळात तो झोपलेला असतो आणि त्याला झोपवून ठेवायचं काम प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक करतं. मेंदूतून दुसरं एक संप्रेरक येतं, ऑक्सिटोसिन. ते म्हणजे हाक: आवळ, आता आवळ. पण हाक मारून भागत नाही, ऐकायला कान हवेत. स्नायूच्या प्रत्येक पेशीवर त्या हाकेसाठी खास घडवलेले ग्राहक असतात. झोपेच्या महिन्यांत हे ग्राहक अगदी थोडे. हाक येते आणि विरून जाते.

मग दिवस भरतात. ते भरले हे कोण ठरवतं? आई नाही. रेडकू ठरवतं. त्याच्या मूत्रपिंडावरची एवढीशी ग्रंथी एक निरोप धाडते, तो वारेपर्यंत, म्हणजे बाळाला आईशी जोडणाऱ्या त्या मांसल पडद्यापर्यंत पोचतो, आणि तिथे झोपेचं संप्रेरक उतरून जाग आणणारं वाढायला लागतं. ते वाढलं की स्नायू आपल्या अंगावर ग्राहक उगवतो, दसपट, शंभरपट. पेशीपेशींत पूल बांधतो, सगळ्यांनी एका दमात आवळावं म्हणून. आता तीच हाक, तेवढीच, पण सगळं गर्भाशय कान होऊन ऐकतं. त्याला आपण कळा म्हणतो.

तेच ग्राहक कासेतही असतात. तिथे हाक पोचली की पान्हा. आणि मेंदूतही असतात. तिथे पोचली की आई मागे वळते आणि ओल्या रेडकाला चाटायला लागते. एकच हाक, तीन घरं.

संघानं म्हशींना बसवलेलं "सबूर" नावाचं उपकरण या हाकेच्या मध्ये उभं राहतं. कानामागे कातडीखाली चिंचोक्याएवढी कुपी आणि गळ्यात तिच्याशी बोलणारा पट्टा. कुपीतून झिरपणारं औषध ऑक्सिटोसिनच्या ग्राहकांत जाऊन बसतं. हाक येते, जागा भरलेली असते. जोडीला झोपेचं संप्रेरकही थोडं. गावाच्या फेरीचा दिवस आला, दारात डॉक्टर आला, की पट्टा कुपीला सांगतो: सोड. कुपी दुसरं औषध सोडते, ते पहिल्याला ओढून बाहेर काढतं, आणि म्हैस भर दुपारी, माणसांच्या देखत विते.

पहिल्या वर्षी हे वरदान होतं. खोटं बोलणार नाही. आडवी आलेली कितीतरी रेडकं त्या वर्षी वाचली, कारण वेळेला हात घालणारं कुणीतरी तिथे होतं.

त्याचं वेळापत्रक चालवणारी प्रणाली माझ्या नवऱ्यानं लिहिली. अभिनंदन मगदूम. बंगळूरच्या कंपनीचं काम, बसायचं कोल्हापुरात, आमच्या जेवणाच्या टेबलावर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, रात्री अडलेल्या म्हशीकडे गेले असता मी एका गोठ्यात घसरून पडले होते. त्यानं ते मनावर घेतलं. "तुझ्यासाठी करतोय," म्हणायचा. "जनावरांनी तुझ्या सोयीनं व्यावं." आणि मला ते गोड वाटायचं.

मग संघाच्या अनुदानाच्या म्हशी परस्पर सीमेपलीकडच्या बाजारात जायला लागल्या. कंपनीनं कुलूप मागितलं. अभिनं लिहून दिलं: पट्टा गळ्यातून निघाला की म्हैस चोरीला गेली असं समजायचं, आणि कुपीनं ग्राहक सोडायचे नाहीत. चोराच्या गोठ्यात ती विणार नाही, चोराच्या बादलीत पान्हा सोडणार नाही. नक्षीच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता त्यानं मला हे सांगितलं होतं, हसत. हुशार माणूस आहे.

*

फोन त्यानं लगेच उचलला.

"अभि, एक म्हैस सोडायचीय. आत्ता."

त्यानं पट्ट्याचा क्रमांक विचारला. मी खुंटीवरचा वाचून दाखवला.

"हिचं कुलूप लागलंय. शुक्रवारपासून पट्टा विलग दाखवतोय."

"म्हणून तर फोन केला. उघड."

"असं नाही उघडत गं. पट्टा परत बांधायचा, मग संघाचा अधिकारी समक्ष येऊन म्हैस तीच आहे हे पडताळणार. नलवड्यांना उद्याची वेळ देतो."

"उद्या रेडकू मेलेलं असेल."

फोनवर त्याच्या मागे नक्षी कुरकुरत होती. रडणं नव्हे ते, त्याच्या आधीचं. तेवढ्यानं माझ्या छातीत मुंग्या आल्या आणि कुडत्यावर दोन्हीकडे ओलावा पसरला.

"तुझ्याकडे किल्ली आहे, अभि. चाचणीची."

"आहे. पण ती वापरली की वर दिसतं. मृणाल, पट्टा मालकिणीनं काढलाय, म्हणजे नियमाप्रमाणे छेडछाड. तू पोट फाडून का नाही काढत?"

"कारण रिकामी झालेली पिशवी आवळली पाहिजे, नाहीतर म्हैस रक्त जाऊन मरेल. आणि आवळायचं कसं, ते तू लावून ठेवलंयस."

"बरं. दहा मिनिटं दे. मी बंगळूरला विचारतो. तोवर काही करू नकोस. कुपीला हात लावलास तर आतलं सोडायचं औषधही जाईल, मग मलासुद्धा काही करता येणार नाही."

ते खरं होतं. म्हणून मी थांबले.

मावशींनी चहा आणला. माझ्या कुडत्याकडे बघितलं.

"पोर कुनाकडं?"

"नवऱ्याकडं."

"आनि दूध?"

"काढून ठेवलंय. बाटलीत."

"म्हंजे तुलाबी पट्टाच हाय," मावशी म्हणाल्या आणि कप माझ्या हातात कोंबला. "पी. तू वाळलीस तर माझी म्हस कोन बगनार?"

मी हात घालून खूर चाचपत राहिले. दर वेळी तो मागे ओढला जायचा. मग थोडा उशिरा. मग थोडा हळू. मावशी चिंगीच्या कपाळावरचा भोवरा खाजवत तिच्याशी बोलत होत्या. तिच्या आईला गोचिडं किती व्हायची, तिची आजी कशी नदीतून वर यायलाच तयार नसायची, असलं काहीबाही. चिंगी कान हलवून ऐकत होती. हाका सगळ्या येत होत्या बिचारीला. पोचत नव्हत्या.

अभिला फोन लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. मग निरोप आला: वरचे लोक बैठकीत आहेत, थोडी कळ काढ.

मी तो निरोप दोनदा वाचला. ज्या म्हशीला तीन दिवस कळ येऊ दिली नाही, तिच्यासमोर उभं राहून वाचला. आत हात घातला. खूर धरला. त्यानं तो ओढून घेतला नाही, नुसता थरथरला.

"मावशी, मी कुपी कापून काढतीय. नंतर संघ तुमचं दूध घेणार नाही. माझी नोकरीही राहणार नाही."

"दूध घ्यायचं का न्हाई ते मागनं बगू. आदी येऊ दे तरी तिला." मग थोड्या वेळानं, "लई दुखंल का?"

"भूल देते तेवढ्यापुरती."

कानामागे बोटाला गाठ लागली. पातं एकदाच फिरवलं. कुपी चिमट्यात आली, करड्या रंगाची, गुळगुळीत. मावशींनी पुढे केलेल्या वाटीत टाकली, तेव्हा ती टुणकन वाजली. सगळं घर उघडं टाकलं होतं या बाईनं. ट्रंक, डबे, पोती, स्वतःचे केस. मशीनची सुईसुद्धा. एवढं एक कुलूप तिला दिसण्यासारखं नव्हतं, आणि तिनं मायेनं सोडलेल्या गाठीनंच ते लागलं होतं.

*

ग्राहकांतून औषध निघायला वेळ लागतो. नुसतं बसून राहावं लागतं.

पण मला दुसरीच भीती होती. तीन दिवस स्नायू हाका न ऐकता बसला होता, आणि न ऐकणारा स्नायू काय करतो? आणखी कान उगवतो. रेडकाचा निरोप येतच होता, ग्राहक वाढतच होते. सगळ्यांत औषध बसलेलं, म्हणून शांत. ते निघालं की सगळे एकदम उघडणार.

तसंच झालं. ऊन गोठ्याच्या मागच्या भिंतीवरून उतरायला लागलं आणि चिंगीच्या पाठीची कमान झाली. पहिली कळ. मावशींनी "या अल्ला" म्हणून डोळे मिटले. मी पोटावर हात ठेवून वाट बघत राहिले, कळ सैल होण्याची. दोन कळांच्या मध्ये उसंत असते. त्या उसंतीत पिशवी ढिली पडते, वारेत रक्त फिरतं, रेडकू जणू श्वास घेतं. बाईला असते तीच. मला आठवत होती. त्या उसंतीतच मी पाणी मागितलं होतं.

चिंगीला उसंत मिळाली नाही. एक कळ आली आणि ती गेलीच नाही. हाताखाली पोट लाकडासारखं.

"दोरी," मी म्हणाले. पिशवीचं तोंड आता उघडलं होतं. दोन्ही खुरांना फास अडकवले आणि मी आणि मावशी मागे रेलून ओढायला लागलो. मावशी मला शिव्या देत होत्या, संघाला, म्हशीला, स्वतःच्या गुडघ्यांना. डोकं आलं. जीभ बाहेर, निळी. मग सगळं एकदम घसरत आलं आणि आम्ही दोघी त्याच्यासकट खाली बसलो.

रेडी होती. कपाळावर चिंगीसारखाच भोवरा.

मी नाकपुड्यांतला चिकटा काढला, फुंकर घातली, गवताच्या चुंबळीनं बरगड्या घासल्या, मागचे पाय धरून उलटी टांगली. पुन्हा फुंकर. मावशींनी शेवटी माझ्या दंडाला हात लावला.

"ऱ्हाऊ दे, बाय."

चिंगीनं मागे वळून बघितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, जणू पाठीमागे काही पडलंच नव्हतं. मावशींना रेडी गेल्यापेक्षा तेच सहन होईना. त्या दोन्ही हातांनी तिचं तोंड वळवत होत्या. "बग की गं. तुझी हाय. बग तरी." ती मान झटकून पुन्हा भिंतीकडे.

बाहेर गाडी थांबली. अभि नक्षीला खांद्यावर घेऊन आत आला. बाटली नाकारून पोर लाल झाली होती. त्याच्या दुसऱ्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर सुटका.

"परवानगी आली," तो म्हणाला.

मग त्यानं खाली बघितलं.

मी शेणा-रक्तानं भरलेल्या हातानं घराकडे बोट केलं. तो बघत राहिला. ट्रंक. कपाट. पोत्यांची सुतळी. मावशींचे मोकळे केस. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते त्याला आठवलं त्या क्षणी मला दिसलं.

"माझ्या वेळी," मी म्हणाले, "तुझ्या आईनं दवाखान्यातून फोन केला होता. घरातलं सगळं उघड म्हणून. कोण धावलं होतं?"

"मी."

"काय काय उघडलंस?"

"मृणाल."

"सांग ना. बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या होत्यास. हसत हसत सांगायचास सगळ्यांना."

"मला सुचलंच नाही," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "पट्टा म्हणजे गाठ, असं डोक्यातच आलं नाही. मी चोराचा विचार केला. या गावांतनं पट्टे निघतात हे आकड्यांत दिसत होतं, मला वाटलं सगळे चोरच."

"तुझ्या गळ्यात असता तर सुचलं असतं."

"तो माझा नवरा असता तर मी बी हेच बोललो असतो," मावशी कुणालाही न उद्देशून म्हणाल्या. "जरा वंगाळ बोललो असतो."

तेवढ्यात नक्षीनं टाहो फोडला.

भुकेचा तो खरा टाहो. माझा कुडता पुन्हा भिजला. मी हात धुवायला बादलीकडे वाकले, आणि मला फरशीवर दुसराच आवाज ऐकू आला. बारीक, सरळ धारेचा. चिंगीच्या चारही सडांतून चीक गळत होता. पिवळा, दाट. कुणी हात लावला नव्हता. तिचे कान नक्षीच्या दिशेनं टवकारलेले.

औषध उतरलं होतं. तिन्ही घरांची दारं उघडली होती, आता.

ती वळली. पोर रडतंय तिकडे आधी बघितलं, मग नाक खाली नेलं. रेडीला हुंगलं. आणि चाटायला लागली. कपाळापासून, भोवऱ्यावरून, कानामागून, रीतसर, जशी आई चाटते तशी. लांब जिभेच्या प्रत्येक फटकाऱ्यानं ती एवढीशी मान हलायची आणि क्षणभर वाटायचं की हललीच. मधूनच चिंगी थांबून घशातल्या घशात हुंकार द्यायची आणि उत्तराची वाट बघायची.

अभि भिंतीला टेकून खाली बसला. मी हात धुऊन नक्षीला त्याच्याकडून घेतलं, तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसून ओढणीखाली धरलं. त्याला बाहेर जा म्हणाले नाही. त्यानं सगळं बघावं असं मला वाटत होतं. चिंगी चाटत होती तोवर सगळं.

*

वार पडली ती दिवेलागणीच्या आधी. आमच्याकडे जनावराची वार जमिनीवर राहू देत नाहीत, कुत्र्यामांजराच्या तोंडी लागू देत नाहीत. फडक्यात बांधून चिकाच्या झाडाला टांगतात, वडाला किंवा उंबराला, म्हणजे दूध आटत नाही. आंबेपाणंदच्या वेशीवरचा वड पूर्वी अशा गाठोड्यांनी लगडलेला असायचा. त्या वर्षी त्याच्यावर जुनीच, उन्हानं पांढरी पडलेली चिंध्यांची गाठोडी उरली होती. फेरीवाली पोरं वार पिशवीत भरून कंपनीकडे नेत.

मावशींनी पोत्याचा तुकडा अंथरला. त्यावर वार ठेवली. मग आत जाऊन खुंटीवरचा पट्टा आणला आणि वारेवर ठेवला. वाटीतली कुपी त्याच्यावर उपडी केली.

"मावशी, ते कंपनीचं आहे," अभि म्हणाला. सवयीनं.

"असू दे. जावईबापू, झाडावर चढता येतंय का?"

तो चढला. चपला खाली काढून, विजार मुडपून, गाठोडं दातात धरून. वरून त्यानं विचारलं, "गाठ कसली मारू?"

"न सुटनारी," मावशी म्हणाल्या. केस त्यांनी तेवढ्यात बांधले होते.

आम्ही घरी आलो. पुढचे दोन दिवस तो नक्षीला आंघोळ घालायचा, माझं ताट वाढून ठेवायचा आणि टेबलाशी बसून कुलुपाची ओळ उघडून तिच्याकडे बघत राहायचा. ती काढून टाकायचा अधिकार त्याला नव्हता. लिहायचा तेवढा होता. एकदा म्हणाला, "मी वर कळवलंय." मी विचारलं, "सुट्टी आहे का त्यांना?" आणि दिवा मालवला.

मंगळवारी चिंगीला तपासायला गेले, तेव्हा अभि गाडी घेऊन आला. संघानं मला तोवर कळवलं होतं की चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. आले होते मी, कामावर नव्हे, मावशींकडे. वडाखाली संघाचे पशुसेवा अधिकारी नलवडे उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, आणि समोर कमरेवर हात ठेवून मावशी.

"हे बघा आजी, जनावर मेलं असतं तर विमा होता. वासराचं काय ते बघू. पण उपकरण परत केलं पाहिजे. ती कंपनीची मालमत्ता आहे."

"द्यायचं कुटं न्हाई म्हटलो? वर हाय. घ्या की."

नलवड्यांनी वर बघितलं. गाठोड्याभोवती माश्या घोंगावत होत्या आणि एक कावळा फांदीवर मान वाकडी करून बसला होता. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"यात घातलंय?"

"आजून वास येतोय. लवकर चढा, मुंग्या लागतील."

जमलेल्या बायकांत खसखस पिकली. नलवडे अभिकडे वळले. "मगदूम साहेब, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्ही कंपनीचे. काय करायचं आता?"

अभिच्या कडेवर नक्षी होती. ती त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालायचा प्रयत्न करत होती. त्यानं ते सोडवून घेतलं. वर, स्वतः मारलेल्या गाठीकडे बघितलं.

"बांधलेली वार कोणी सोडत नाही, साहेब," तो म्हणाला. "आमच्यात तशी रीत आहे."

नलवडे त्याच्याकडे बघतच राहिले. मीही बघितलं. रीत आठवली होती त्याला. वाक्यही चांगलं होतं. फक्त ते कुलूप लिहायच्या आधी आठवायला हवं होतं, आणि हे मी त्याला सांगणार होते, आजही, उद्याही. घरात माणूस ठेवायचा तर हेही ऐकून घेणारा ठेवायचा.

मी त्याच्या हातून पिशवी घेतली. भूल, पाती, टाके घालायचा दोरा, सगळं होतं. खालच्या आळीला आणखी म्हशी शेवटच्या दिवसांत होत्या, आणि बातमी माझ्या आधी पोचली होती. बायका आपापल्या म्हशी सोडून रस्त्यावर आणून उभ्या होत्या. एकीच्याही गळ्यात पट्टा नव्हता.

मी पहिल्या म्हशीच्या कानामागे बोट ठेवलं आणि गाठ शोधायला लागले.